एकच बाई काहून?



धान चुरून ढोलीत पडले की आमच्या झाडीत शिबिरांचे दिवस येतात. पोरींच्या मागची कामे जरा हलकी झालेली असतात, गावोगावी नाटकांचे मंडप पडलेले असतात आणि रात्रभर नाटक पाहून दुसऱ्या दिवशी डुलक्या घेत का होईना, मुली शिबिराला येऊन बसतात. सावली तालुक्यातल्या एका गावी गेल्या हिवाळ्यात असेच दोन दिवसांचे किशोरी शिबिर झाले. वाचायची गोडी लागावी म्हणून आमच्या एका कार्यकर्तीने घरच्या पेटीतली जुनी हिंदी कॉमिक्स पिशवी भरून आणली होती. दुपारच्या जेवणानंतर मुलींनी ती सतरंजीवर पसरली. जेवणाची भांडी घेऊन आलेले दोघे-तिघे पोट्टेही तिथेच रेंगाळले आणि पाहता पाहता भांडण जुंपले. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव एकमेकांना भिडले तर कोण जिंकेल?

"नागराजच्या फुंकरीत जहर हाय, ध्रुव उभा तरी राहील का?" एक पोट्टा म्हणाला.

"ध्रुवाजवर डोकं हाय ना बाप्पा! त्याले शक्ती नाही, तरी तो जितते," एक मुलगी उसळून म्हणाली.

अर्धा तास हे चालले. कोणत्या अंकात कोण कोणाला भारी पडला याचे दाखले पोरी तोंडपाठ देत होत्या. ही कॉमिक्स आपल्या पोरींनी कधी वाचली असतील, असे आम्हाला वाटलेच नव्हते. मग कळले, भावाने भाड्याने किंवा मागून आणलेला अंक तो झोपला की ह्या वाचत आल्या होत्या. या गलबल्यात नववीतली एक मुलगी मात्र एकाच अंकाचे मुखपृष्ठ उलटसुलट करून बघत बसली होती. अनेक वीर एकत्र येतात, त्या प्रकारचा तो अंक. तिने विचारले, "ताई, इतके गडी हायेत, मंग बाई एकच काहून?"

तिथे बसलेल्या आम्हा पाच कार्यकर्त्यांपैकी एकीलाही पटकन उत्तर देता आले नाही. हे संपादकीय त्या प्रश्नाचे देणे आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, दारू आहे, वनहक्क आहे, तेंदूच्या हंगामात बाया वाघाच्या तोंडी जात आहेत आणि तुम्ही संपादकीय लिहिता ते कॉमिक्सवर? आम्हालाही आधी तसेच वाटले. पण आपण पाठ्यपुस्तकातली चित्रे तपासली आहेत. कमल पाणी भरते आणि छगन पतंग उडवतो, हे दाखवून देण्यात आपण वर्षे घालवली. मुलगा-मुलगी जे पुस्तक शाळेत सक्तीने वाचतात ते आपण तपासतो, मग जे चोरून आणि आवडीने वाचतात ते का नाही? आवडीने वाचलेले जास्त खोल उतरते.

शिवाय हा वाचनाचा धागा आपल्या घरांतून बराच मागे जातो. १९६४ साली टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. वेताळ आणि जादूगार मँड्रेक त्यातूनच मराठी घरांत आले. ती १९९० मध्ये बंद पडली. पुढे दिल्लीहून राज कॉमिक्स आली. १९८६ मध्ये नागराज आला. त्याचे सुरुवातीचे अंक पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनी काढले होते. १९८७ मध्ये अनुपम सिन्हा यांनी ध्रुवाला जन्माला घातले. आमच्याकडे हिंदी कोणाला अडत नाही. स्टेशनवरच्या आणि बसस्टँडवरच्या दुकानांतून, चार-आठ आण्यांच्या भाड्याने ही पुस्तके हातोहात फिरली. तेव्हा ती वाचणारी मुले आज चाळिशीच्या पुढे आहेत. त्यांतले कितीतरी आजही जुने अंक जपून ठेवतात, नवी छपाई निघाली की विकत घेतात आणि भेटले की तोच वाद घालतात, कोण जिंकेल? बायकाही हे वाचत होत्या. मात्र त्यांना कोणी वादात ओढले नाही आणि अंक जपून ठेवायला त्यांना पेटी मिळाली नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेला विषय आम्ही बाजूला ठेवला आणि मुलींना एक काम दिले. चार-चारच्या गटांनी एकेक अंक घ्यायचा आणि मोजायचे. पुरुष किती, बाया किती? बोलणाऱ्या बाया किती? दोन बाया एकमेकींशी बोलतात का, आणि बोलल्या तर पुरुषाखेरीज कशावर? हे शेवटचे प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेले नाहीत. अमेरिकेतल्या ॲलिसन बेक्डेल या बाईने १९८५ साली आपल्या चित्रमालिकेत एका पात्राच्या तोंडी तीन अटी घातल्या होत्या. सिनेमात किमान दोन बाया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि बोलणे पुरुषाबद्दल नसावे. ही कसोटी सिनेमासाठी आज जगभर वापरतात, पण ती जन्मली चित्रकथेतच.

मुलींनी फळ्यावर जे मांडले, ते पाहण्यासारखे होते. बोलणाऱ्या बाया थोड्या, एकमेकींशी बोलणाऱ्या त्याहून थोड्या. ज्या अंकांत अनेक वीर एकत्र येतात, तिथे तर हिशेब आणखी वाईट होता. एकट्या वीराच्या गोष्टीत त्याची आई, बहीण, प्रेयसी निदान घरात तरी दिसते. वीर एकत्र आले की प्रत्येक जण आपली ताकद घेऊन येतो आणि आपल्या घरातली बाई घरीच ठेवून येतो. हे वाक्य आमचे नाही, एका दहावीतल्या मुलीचे आहे. तिने ते आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीवरून ताडले, असे ती म्हणाली.

यातल्या तीन बायांबद्दल मुली बराच वेळ बोलल्या.

पहिली चंडिका. ध्रुव जुपिटर सर्कशीत वाढलेला. सर्कस जळाली, आईबाप गेले आणि एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला घरी आणले. त्या घरची मुलगी श्वेता, त्याची मानलेली बहीण. हुशार, यंत्रे बनवणारी. हीच श्वेता मुखवटा चढवून चंडिका होते आणि भावाच्या मदतीला धावते. पण ती चंडिका आहे हे ती भावाला कळू देत नाही. मुलींना विचारले, का लपवत असेल? एक म्हणाली, "कळलं तं तो जाऊ देनार नाही." सगळ्या हसल्या, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही. त्या खोलीत भावाला न सांगता शिबिराला आलेल्या दोघी होत्या.

दुसरी विसर्पी. नागद्वीपाची राजकन्या, स्वतः शक्तिमान. नागराज आणि ध्रुव यांना एकत्र आणणारी नागायण ही आठ भागांची मालिका २००७ च्या सुमारास सुरू झाली. चाहते आजही तिला मोठ्या मानाने आठवतात. नावावरूनच कळेल की ती रामायणाच्या धर्तीवर रचली आहे. नागराज रामाच्या जागी, ध्रुव लक्ष्मणाच्या जागी आणि विसर्पी सीतेच्या. एका भागाचे नावच हरण कांड. म्हणजे जी एरवी राज्य करते, तिला दोन वीर एकत्र यावेत म्हणून पळवून न्यावे लागते. मुलींना आम्ही हेही सांगितले की या मालिकेच्या आणि ध्रुवाच्या कितीतरी कथांच्या लेखनावर जॉली सिन्हा या बाईचे नाव आहे. त्यावर जी शांतता पसरली, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. बाईच्या हाती लेखणी आली की गोष्ट आपोआप बदलते, असे नाही. जुन्या साच्यातच लिहायचे असेल तर बाईही तेच लिहील. तरीही मुलींच्या चेहऱ्यावर आनंद होता. "बाई पन लिवते?" हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणीच आधी स्वतःला विचारला नव्हता.

तिसरी शक्ती. ही एक गृहिणी. नवऱ्याने आपल्या मुली मारल्या हे कळल्यावर तिच्यात कालीची शक्ती येते आणि कुठल्याही संकटातल्या बाईची हाक तिला ऐकू जाते. वीरांच्या चमूत मानाने उभी राहणारी बाई म्हणजे बहुधा हीच. मुलीच्या जिवाचा प्रश्न कॉमिक्समध्ये आणला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण इथे आमच्या एका मैत्रिणीने जे दाखवून दिले, ते सगळ्या गटांनी तपासावे. पुरुषाला शक्ती कशी मिळते? कोणाला प्रयोगातून, कोणाला अपघातातून, कोणाला पोशाखातून. ध्रुवाला तर काहीच मिळत नाही, तो शिकतो आणि मेहनत करतो. बाईला मात्र आधी भोगावे लागते. तिच्यावर अत्याचार झाला, तिची लेकरे गेली, की मग देवी प्रसन्न होते. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१४ मध्ये प्रियाज शक्ती नावाची चित्रकथा आली. हेतू उत्तम. बलात्कार सोसलेल्या प्रियाला लोक दोष देतात आणि ती त्यांच्यासमोर उभी राहते. तिथेही पार्वती आहेच आणि प्रिया वाघावर बसून येते. आमच्या मुली हे ऐकून हसू लागल्या. "वाघावर बसाची हौस असंल तं आमच्या जंगलात ये म्हना तिले." ज्यांच्या गावच्या बाया मोहा वेचताना, तेंदू तोडताना वाघाने नेल्या, त्या मुलींना वाघावरची देवी दिलासा देत नाही. त्यांना ध्रुव का आवडतो, ते आम्हाला तेव्हा समजले. त्याला शक्ती नाही. तो आपल्यासारखा आहे.

हे फक्त आपल्याकडचे नाही. ज्या अमेरिकेतून हा वीरांच्या चमूचा प्रकार आला, तिथली हजेरीही मुलींना वाचून दाखवली. १९६१ मध्ये फँटॅस्टिक फोर आले, तीन पुरुष आणि एक बाई. त्या बाईची शक्ती कोणती? अदृश्य होण्याची. तिचे नावही अदृश्य मुलगी. ती बाई व्हायला १९८५ साल उजाडले. १९६३ मध्ये ॲव्हेंजर्स आले, चार पुरुष आणि वास्प नावाची एक बाई. चमूचे नाव तिनेच सुचवले. आणि त्याही आधीची वंडर वुमन. ती १९४१ मध्ये आली, देवांशी टक्कर घेईल एवढी बलवान. १९४२ मध्ये तिला जस्टिस सोसायटी या वीरांच्या संघात घेतले आणि काम दिले सचिवाचे! बहुतेक अंकांत गडी मोहिमेवर जात आणि ही मागे राहून टिपणे आणि पत्रे सांभाळी. हे वाचल्यावर आमच्यातली बचत गटाची एक सचिव एवढेच म्हणाली, "म्हंजे तिथंबी."

कॅथा पॉलिट या लेखिकेने १९९१ मध्ये या रिवाजाला नाव दिले. निळ्या बुटक्यांच्या स्मर्फ नावाच्या मालिकेत गावभर नर आणि एकच मादी, स्मर्फेट. त्यावरून तिने या रिवाजाला स्मर्फेटचे तत्त्व म्हटले. तिचे म्हणणे असे की मुलगे म्हणजे चमू आणि मुलगी म्हणजे त्यातला एक प्रकार. एक शूर, एक हुशार, एक विनोदी, एक रागीट आणि एक बाई. जणू बाई असणे हाच तिचा स्वभाव आणि हीच तिची कला. म्हणून एक पुरते. दुसरी आली तर तिने काय करायचे, हे लिहिणाऱ्याला सुचत नाही.

वंडर वुमनची गोष्ट आणखी पुढे जाते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत म्हणून तिची निवड केली. त्याच महिन्यात महासचिवपदाची निवड झाली होती. उमेदवारांत सात बाया होत्या, निवडला गेला पुरुष. खऱ्या बाईला खुर्ची नाही आणि चित्रातल्या बाईला मानाचे पद. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांनीच निषेध केला, सह्या गोळा केल्या आणि दोन महिन्यांत ती दूत गेली. ८ मार्चला आपल्याला साडी-चोळी देऊन सत्कार करणाऱ्या आणि ९ मार्चला ग्रामसभेत बोलू न देणाऱ्यांची आठवण कोणाला झाली असेल, तर ती आम्हालाही झाली.

याच वंडर वुमनचा एक धागा थेट आपल्या विदर्भात येतो. तिचा जनक विल्यम मार्स्टन. त्याच्या घरात त्याची पत्नी एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न अशा दोघी राहत. ऑलिव्ह ही संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची भाची. सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या, संततिनियमनाच्या साधनांवरून दोघांचा वाद झाला आणि एकमत झाले नाही. त्यानंतर तीनच महिन्यांच्या आत, १९३६ च्या फेब्रुवारीअखेर गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी आमच्या सावलीत होते. ऑलिव्ह मनगटात रुंद कडी घालत असे. वंडर वुमनची बंदुकीची गोळी परतवणारी कडी तिच्यावरूनच सुचली, असे सांगतात.

म्हणजे बांगड्याच. आपल्याकडे "हातात बांगड्या भरल्यात का?" ही शिवी आहे. आपण स्वतःकडेही पाहू. किती मोर्च्यांत आपणच अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवला? बांगडी म्हणजे दुबळेपणा, हे आपणच सही करून मान्य केले. वंडर वुमनच्या गोष्टीतला नियम असा की तिच्या कड्यांना पुरुषाने साखळी जोडली तर तिची शक्ती जाते. कडे दुबळे नसते, ते कोणी कशाला बांधले हा प्रश्न असतो. पुढच्या मोर्च्यात आपण बांगड्या देणार नाही, असे आम्ही आमच्यापुरते ठरवले आहे. तुम्हीही आपल्या गटात हा विषय काढा.

आता मोजण्याची पाळी आपली. शिबिरात मुलींनी जी मोजणी कॉमिक्सची केली, ती संध्याकाळी आम्ही आमच्या गावांची केली. ग्रामपंचायतीत १९९० मध्ये महाराष्ट्रात ३० टक्के, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर एक-तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायांच्या झाल्या. वनहक्क समितीत एक-तृतीयांश बाया हव्यात आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असलेल्यांतही एक-तृतीयांश बाया हव्यात. कायद्याने चमूत एकच बाई ठेवण्याची सोय काढून घेतली. पण मोजायला बसलो तेव्हा दिसले की नावे पुरेशी आहेत, बोलणाऱ्या थोड्या आहेत आणि एकमेकींशी बोलून ठरवून आलेल्या त्याहून थोड्या. सरपंचबाईऐवजी नवरा बोलतो, समितीतली बाई अंगठा देते, बैठकीचा चहा कोण करणार हे न ठरवताच ठरलेले असते. बेक्डेलबाईच्या कसोटीला आमच्या किती ग्रामसभा उतरतील?

आणि हे फक्त पुरुषांचे पाप नाही. आपल्या संघटनांकडे पाहा. कुठे काही घडले की वर्तमानपत्राला एक रणरागिणी लागते, दुर्गेचा अवतार लागतो. आपणही एक चेहरा पुढे करतो, कारण ते सोपे असते. मग ती एकटी थकते, तिच्याभोवती बाकीच्या बाया घोळक्यासारख्या उभ्या राहतात आणि तिच्याविषयी कुरकुर सुरू होते. घोळक्यातून एकीला उचलून देवी करणे आणि वीरांच्या चमूत एकच बाई ठेवणे, या दोन्हींत बाकीच्या बायांना नाव नसते.

आमच्या जिल्ह्यांत याहून वेगळे घडलेले आहे, ते विसरता कामा नये. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या रेट्याने. चंद्रपूरच्या बाया मागे राहिल्या नाहीत. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून हजारो बाया पायी निघाल्या आणि अधिवेशन चालू असलेल्या नागपूरवर जाऊन धडकल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात बंदी आली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू आली हे खरे, बंदीने सगळे प्रश्न सुटले नाहीत हेही खरे, आणि त्यावर याच अंकात नाही तर पुढे कधीतरी आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. पण ती दिंडी आठवा. रस्त्यात कोणाच्या पायाला फोड आले, कोणाच्या कडेवर लेकरू होते, भाकरी वाटून खाल्ल्या. त्यात उडणारी कोणी नव्हती. कॉमिक्सच्या भाषेत सांगायचे तर ती सगळ्यात मोठी एकत्र येण्याची गोष्ट होती आणि तिच्या शेवटी समाप्त नाही, क्रमशः लिहिलेले आहे.

शिबिराच्या शेवटी मुलींना आपला चमू काढायला सांगितले. चित्र काढा, नाव द्या, प्रत्येकीची शक्ती लिहा. आम्हाला वाटले, उडणाऱ्या, अदृश्य होणाऱ्या निघतील. एकीने लिहिले, अंधारात एकटीने परसाकडे जाण्याची शक्ती. दुसरीने लिहिले, गणित न घाबरता विचारण्याची शक्ती. तिसरीने लिहिले, बाप दारू पिऊन आला की लहान भावंडांना शेजारी नेण्याची शक्ती. आणि ही शक्ती तिच्याकडे आहेच, असे तिने कंसात लिहिले होते. प्रश्न विचारणाऱ्या त्या नववीतल्या मुलीने लिहिले, मिटिंगमध्ये बोलताना आवाज न कापण्याची शक्ती. अदृश्य होण्याची शक्ती एकीनेही मागितली नाही.

पुढचे सांगितले नाही तर हे संपादकीय अपुरे राहील. या मुलींच्या गावांहून शाळेला जाणारी बस संध्याकाळी कधी येई, कधी येत नसे. रस्ता जंगलातून जातो. बस चुकली की अंधारात चालत या, नाही तर घरून ओरडा खा. दहावीनंतर पोरी घरी बसण्याचे हे एक साधे, कोणाला न दिसणारे कारण आहे. शिबिरानंतर अकरा मुलींनी मिळून अर्ज लिहिला. एक महिना दोघींनी पाळीपाळीने बस आली-न आली याची तारीखवार वही ठेवली. संबंधित आगारात त्या एकत्र गेल्या. बोलायचे कोणी, हे आधी ठरवून गेल्या. सुरुवात एकीने करायची, वही दुसरीने दाखवायची, तिसरीने शेवटी तारीख मागायची. लिहिण्याचे काम कायमचे एकीच्या गळ्यात पडू नये म्हणून दर महिन्याला सचिव बदलायचा, असाही त्यांचा नियम आहे. वंडर वुमनची गोष्ट त्यांच्या चांगली लक्षात राहिली म्हणायची. नववीतल्या मुलीने तारीख मागितली. आवाज कापला, असे तीच सांगते.

आता बस आठवड्यातून चार-पाच दिवस वेळेवर येते. सहाही दिवस यावी म्हणून वही चालू आहे. अकरा जणींतल्या एकीची शाळा मात्र तोवर सुटली होती. बाकीच्या दहा जणी तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या. आईचे मन वळले आहे, बापाचे नाही. ती परत शाळेत येईल का, हे आज आम्हाला सांगता येत नाही. तिच्यासाठी एक जागा राखून ठेवल्यासारख्या त्या अजूनही स्वतःला अकराच म्हणवतात.

काही पालकांनी आम्हाला सुचवले की अशी पुस्तके मुलांच्या हाती देऊच नयेत. आमचे मत वेगळे आहे. हिसकावून घेतलेले पुस्तक चोरून वाचले जाते आणि चोरून वाचलेल्यावर बोलता येत नाही. वाद घालणाऱ्या त्या पोट्ट्यांपैकी एक जण फळ्यावरची मोजणी बघून म्हणाला, "मी शंभरेक वाचले, पन हे ध्यानातच आलं नाही." तो खोटे बोलत नव्हता. त्याला कोणी मोजायला सांगितले नव्हते. मुलग्यांनाही या मोजणीत बसवा. कोण जिंकेल यावर भांडायची मजा त्यांच्याकडून काढून घेऊ नका, त्याला आणखी दोन प्रश्न जोडून द्या. यात कोण नाही? आणि जी आहे, तिला काम कोणते दिले?

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने ही मोजणी एकदा करून पाहावी, अशी विनंती आहे. घरात जे वाचले-पाहिले जाते त्याची एक, म्हणजे कॉमिक्स, मालिका, सिनेमा, काहीही. आणि आपल्या गावच्या एका समितीची एक. किती बाया, किती बोलल्या, एकमेकींशी आधी बोलून आल्या का, चहा कोणी केला, इतिवृत्त कोणी लिहिले. आकडे साध्या पोस्टकार्डावर लिहून पाठवा. मुलींनी काढलेले चमू पाठवलेत तर आणखी आनंद होईल. पुढच्या अंकात जितके छापता येतील तितके छापू.

तुमच्या,
संपादक मंडळातल्या मैत्रिणी